बंदुकीच्या लाकडी दस्त्याला तेलाचं फिनिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या बंदुकीचा दस्ता कोरडा, पांढुरका, ओरखड्यांनी भरलेला दिसला की हात शिवशिवतात. काम अवघड नाही, पण घाई केली तर बिघडतं, आणि एकदा घासून गेलेलं लाकूड परत येत नाही. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

कामाला हात घालण्याआधी पहिलं काय करायचं?

बंदूक रिकामी आहे याची खात्री. चेंबर उघडा, डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. मॅगझिन असेल तर काढून बाजूला ठेवा. कामाच्या टेबलावर काय, त्या खोलीतही काडतूस नको. मग दस्ता धातूच्या भागांपासून सुटा करा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर वापरा. सैल पात्याने खाच फुटते आणि ती जखम लाकडाला कितीही चकाकी आणली तरी आधी नजरेत भरते. दुनळीच्या आतल्या यंत्रणेचे स्क्रू स्वतः काढण्याचा अनुभव नसेल तर तेवढं काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून करून घ्या. सुटे केलेले धातूचे भाग परवान्याच्या नियमांप्रमाणे कुलपातच राहिले पाहिजेत. टेबलावर फक्त लाकूड राहू द्या.

प्रत्येक जुन्या दस्त्याला नवं फिनिश द्यावंच का?

नाही. माझं मत विचाराल तर निम्म्या दस्त्यांना फक्त स्वच्छतेची गरज असते. टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या फडक्याने वर्षानुवर्षांचा मळ पुसा, दोन दिवस वाळू द्या, तेलाचा एक पुसट हात द्या आणि मग ठरवा. पुष्कळदा खाली चांगलं लाकूड आणि चांगलं फिनिश शाबूत सापडतं.

जुन्या लष्करी रायफलींच्या बाबतीत तर हात आणखी आखडता घ्या. एम-१ गॅरंड या अमेरिकी लष्करी रायफलीच्या दस्त्यावर तपासनिसाचा शिक्का असतो, चाचणी झाल्याची खूण म्हणून वर्तुळातला ‘पी’ असतो. हे शिक्के लाकडात अगदी उथळ उमटलेले असतात. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की शिक्का गेला, आणि संग्राहकाच्या लेखी त्या बंदुकीची निम्मी ओळख त्याच्याबरोबर गेली.

आधीचं फिनिश कोणतं आहे हे कसं ओळखायचं?

बटप्लेटजवळच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीजवळच्या, सहज न दिसणाऱ्या जागी चाचणी घ्या. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा मिनिट टेकवा. पृष्ठभाग चिकट होऊन तपकिरी रंग बोळ्यावर आला तर ती लाख. मोसिन-नागां या जुन्या रशियन रायफलींवर बहुधा हीच सापडते. स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने मऊ पडलं, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नाही आणि वर प्लास्टिकसारखा पापुद्रा आहे, तर पॉलियुरेथेन. पापुद्राच नाही, नखाने खरवडलं तर थेट लाकूडच लागतं, तर तेल. ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलींचे दस्ते कच्च्या जवस तेलाचे असत. त्यांना पुन्हा तेलच द्यायचं असेल तर जुनं काढत बसायची गरजच पडत नाही.

जुनं फिनिश काढायचं कसं?

रसायनाने, पेपरने नाही. पेंट काढायचं जेल जाड थरात लावा, वर प्लास्टिकचा कागद झाका, डब्यावर लिहिलेला वेळ द्या आणि प्लास्टिकच्या पट्टीने अलगद खरवडा. लोखंडी पातं लाकडात रुततं. बेंझाइल अल्कोहोलवर आधारलेली जेल सावकाश काम करतात, पण मिथिलीन क्लोराइडच्या जुन्या प्रकारांपेक्षा ती बरी. मिथिलीन क्लोराइडची वाफ बंद खोलीत माणसाचा जीव घेऊ शकते. दारं-खिडक्या उघड्या आणि हातमोजे घातलेले हवेतच.

ओव्हन साफ करायचा फवारा काही जण सुचवतात. त्यात कॉस्टिक सोडा असतो. तो लाकडाचे तंतू कमकुवत करतो, अक्रोडाचा रंग काळवंडतो आणि पुढे तेल नीट धरत नाही. तो वापरू नका.

लाकूड बंदुकीच्या तेलाने काळं पडलंय. ते निघेल का?

बरंचसं निघतं, सगळं क्वचितच. बंदूक वर्षानुवर्षं उभी ठेवली की नळीला आणि यंत्रणेला लावलेलं तेल हळूहळू खाली उतरतं आणि धातूला लागून असलेलं लाकूड ते पिऊन बसतं. तिथलं लाकूड मऊही पडतं. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या. ॲसिटोन आत शिरतं, तेल पातळ करतं, आणि उडून जाताना ते तेल पुडीत ओढून आणतं. पांढरा लेप पिवळा-तपकिरी होताना डोळ्यांदेखत दिसतो. वाळला की झटकून पुन्हा द्या. तीन-चार वेळा तरी लागतातच. ॲसिटोन भडकन पेट घेतं, म्हणून हे काम उघड्यावर आणि आगीपासून लांब करायचं.

गोदामात कॉस्मोलिन (गंज रोखणारं घट्ट ग्रीस) फासून ठेवलेल्या लष्करी दस्त्यांना ऊन लागतं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कडक उन्हात ठेवा, दर तासाला बाहेर आलेला ग्रीस पुसा.

दबलेल्या जागा आणि खोक यांत फरक काय?

दबलेल्या जागी तंतू चेपलेले असतात, तुटलेले नसतात. म्हणून ते परत फुगवता येतात. खोक पडली असेल तर तंतू कापले गेलेले असतात. तिथे वाफेचा उपयोग होत नाही.

वाफ द्यायची रीत अशी. आधी फिनिश काढलेलं हवं, नाहीतर वाफ आत शिरत नाही. सुती कापडाची चौपदरी घडी ओली करून पिळा, दबलेल्या जागेवर ठेवा आणि इस्त्रीचं टोक त्यावर टेकवा. चर्रर्र आवाज येतो, वाफेचा लोट उठतो, पाच-सात सेकंदांत उचला. कापड कोरडं पडू देऊ नका, लाकूड करपेल. बघा: वाटीसारखा खोलगटपणा थाळीसारखा उथळ झालेला असेल. पुन्हा ओलं कापड, पुन्हा इस्त्री. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बोटाला खड्डा लागेनासा होतो. चेकरिंगच्या, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या जाळीच्या, अगदी जवळ वाफ देताना जपून. टोकं फुगून बोथट होतात. मग एक दिवस पूर्ण वाळू द्या.

खोक छोटी असेल तर मी ती तशीच ठेवतो. मोठी असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा, तंतूंच्या रेषा जुळवून कापलेला तुकडा बसवावा. पुट्टी भरली की तिथे तेल शिरत नाही आणि ठिगळ कायम दिसतं.

चीर गेली असेल तर?

तेलाच्या आधी चिकटवा, नंतर नाही. तेल शिरलेल्या चिरेत इपॉक्सी धरत नाही. मुठीने धरतो त्या बारीक भागात किंवा यंत्रणेच्या मागे लाकडात जाणाऱ्या धातूच्या शेपटीमागे चीर असेल तर ती जाणकाराला दाखवल्याशिवाय त्या बंदुकीने गोळी झाडू नका. धक्का तिथेच बसतो.

पॉलिश पेपर कोणत्या नंबरचा घ्यायचा आणि किती घासायचं?

फिनिश नीट निघालं असेल तर १८० किंवा २२० पासून सुरुवात पुरते. मग ३२०, हवं तर ४००. खोल ओरखडे असतील तरच १२०. घासणं नेहमी रेषेच्या दिशेने. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, तेल लागताच उठून दिसतात.

आता मला जी गोष्ट कोणी आधी सांगायला हवी होती, ती. वडिलांच्या दुनळीचा दस्ता मी पहिल्यांदा घासला तेव्हा पेपर नुसता बोटांत धरला होता. बोटं मऊ असतात, ती कडेला घसरतात आणि कड गोल करतात. जोडणी केली तेव्हा धातूच्या पट्टीलगतचं लाकूड केसभर खाली गेलेलं दिसलं. कारखान्यातून येताना तिथलं लाकूड धातूच्या किंचित वर असतं, ते मी घालवलं. आजही त्या जागी अंगठा फिरवला की पायरी लागते. म्हणून सपाट भागांवर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घ्या, गोलाईवर रबराचा किंवा जाड फेल्टचा तुकडा घ्या, बटप्लेट जागेवर बसवूनच तिच्या आसपास घासा आणि जिथे लाकूड धातूला भिडतं तिथून बोटभर लांब थांबा. तोंडावर मास्क हवा. अक्रोडाची धूळ नाकाघशाला चांगलीच झोंबते.

‘लव उठवणं’ म्हणजे काय?

घासलेल्या लाकडावर ओलं फडकं फिरवलं की कापलेले बारीक तंतू उभे राहतात, हाताला दाढीच्या खुंटासारखे लागतात. वाळल्यावर शेवटच्या नंबरच्या पेपरने ते हलक्या हाताने छाटा. असं दोन-तीन वेळा केलं की पुढे पावसात भिजूनही दस्ता खरखरीत होत नाही. ही पायरी गाळू नका.

तेल कोणतं घ्यावं?

आधी हे लक्षात घ्या की दस्त्यावरचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफून घट्ट होतात. हा गुण असलेलीच तेलं कामाची.

कच्चं जवसाचं, म्हणजे अळशीचं, तेल लाकडात खोल जातं, अक्रोडाला जी ऊब देतं ती दुसऱ्या कशात नाही, पण एकेका हाताला दिवसच्या दिवस, कधी आठवडे लागतात. ‘बॉइल्ड’ जवस तेल, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, हे आता नावापुरतंच उकळलेलं असतं. त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घालतात, म्हणून ते साधारण दिवसभरात वाळतं. बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. जवस काळानुसार पिवळट-गडद होत जातं, हे मात्र गृहीत धरा.

टंग तेल मूळ चीनमधल्या एका झाडाच्या बियांचं. पाण्याला जवसापेक्षा चांगलं तोंड देतं आणि कमी पिवळं पडतं. शुद्ध टंग तेल घट्ट असतं. पहिले दोन हात निम्मं टर्पेंटाइन मिसळून द्या. जाड लावलंत तर सुरकुत्या पडून पांढुरकं होतं. बाटलीवर नुसतं ‘टंग ऑइल फिनिश’ लिहिलं असेल तर आत बहुधा वार्निशच असतं. ‘१०० टक्के शुद्ध’ असं लिहिलेलं घ्या.

ट्रू-ऑइलसारखी दस्त्यांसाठीच बनवलेली मिश्रणं जवस तेलात सुधारणा करून बनवतात. पातळ थर काही तासांत वाळतो, थरावर थर चढवला तर काचेसारखी चकाकी येते. ज्यांना आठवडाभरात काम उरकायचं आहे त्यांना हे सोयीचं. मला स्वतःला बंदुकीवर चकाकी आवडत नाही. हातात धरल्यावर लाकूड लाकडासारखं लागावं.

खोबरेल, शेंगदाण्याचं किंवा बंदुकीचं तेल चालेल?

नाही. ती कधीच घट्ट होत नाहीत. दस्ता चिकट राहतो, धूळ धरतो, खाद्यतेल तर खवट होतं.

लाकडाला रंग द्यावा का?

चांगल्या अक्रोडाला गरज नाही. फिकट असेल आणि जुन्या इंग्लिश बंदुकींसारखी लालसर छटा हवी असेल तर रतनजोतीची मुळं जवस तेलात काही दिवस भिजत घाला. तिचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. गाळून पहिल्या दोन हातांना वापरा. दुकानातून घेताना तपासा, कारण रतनजोत या नावाने एकाहून जास्त झाडांची मुळं विकली जातात. बर्चच्या दस्त्यावर कोणताही रंग डागाडागांनी बसतो. आधी आतल्या बाजूवर करून बघा.

तेल लावायची नेमकी रीत कोणती?

पहिला हात सढळ. तेल कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून जरा ऊबदार करा, थेट आगीवर कधीच नाही. फडक्याने भरपूर लावा, कोरडे पडलेले भाग दिसतील तिथे पुन्हा लावा. रेषा कापलेल्या जागा, म्हणजे बटप्लेटखालचं तोंड आणि मुठीचं टोक, तेल अधाशासारखं पितात. वीस-तीस मिनिटं थांबा. मग सगळं पुसून काढा. ‘सगळं’ हा शब्द जपून वापरतोय: कोरड्या फडक्यावर डाग उमटायचा थांबेपर्यंत पुसायचं. लाकडाच्या आतलं तेल काम करतं, वर राहिलेलं नुसतं चिकट होतं.

दुसऱ्या हातापासून थेंबांचं गणित. एका बाजूला चार-पाच थेंब, आणि ते तळव्याने चोळायचे. तळवा गरम होईपर्यंत चोळलं की तेल रेंगाळत नाही, पसरत जातं, आणि घर्षणाचा सूर बदलतो. सुरुवातीला घसरणारा हात अडखळायला लागतो. तिथे थांबून पुसा. सुकवणारे क्षार असलेलं तेल असेल तर पातळ हातमोजे घाला. दोन हातांमध्ये किमान एक दिवस. हवा दमट किंवा थंड असेल तर दोन-तीन.

अक्रोडाची रंध्रं भरायची कशी?

तेल आणि पेपर एकत्र वापरून. तिसऱ्या हाताला थोडं तेल घालून ४०० च्या पेपरने ओलंच घासा. लाकडाची पूड आणि तेल मिळून चिखल होतो. तो रेषेला आडवा पुसा म्हणजे रंध्रांत बसतो, आणि दोन दिवस वाळू द्या. त्याच लाकडाची पूड असल्याने रंग आपोआप जुळतो. दोन-तीन वेळा केलं की उजेडात तिरकं धरल्यावर पृष्ठभाग सलग दिसतो.

एकूण किती हात द्यायचे?

जुन्या कारागिरांचा नियम: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला, मग जन्मभर वर्षाला एकदा. रोजचा हात सुकायला वेळ मिळत नसेल तर अंतर वाढवा. क्रम तोच ठेवा. सहाव्या-सातव्या हातानंतर जो मंद तजेला येतो त्याला ‘आतून उजळणं’ हाच शब्द शोभतो.

दस्ता चिकट राहिलाय. आता?

तेल जाड लागलं किंवा आधीचा हात वाळला नव्हता. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या खरबरीत कापडाने किंवा चार शून्यांच्या (००००) स्टील वूलने चिकट थर उतरवा, हवेशीर उबदार जागी आठवडाभर ठेवा. वूल वापरलं तर त्याचे लोखंडी कण लोहचुंबकाने आणि ब्रशने काढून टाका. रंध्रांत राहिले तर गंजून काळे ठिपके पडतात.

चेकरिंगचं काय करू?

घासताना त्यावर टेप लावा. मळ टर्पेंटाइन आणि जुन्या टूथब्रशने काढा. अगदी शेवटी निम्मं पातळ केलेलं तेल ब्रशने द्या आणि कोरड्या ब्रशने उपसून काढा. खाचांत तेल साचून घट्ट झालं की ते काढणं कंटाळवाणं काम आहे.

आतली बाजू, जी दिसत नाही, तिला तेल द्यायचं का?

द्यायचंच, एक-दोन पातळ हात. ओल सगळ्यात वेगाने शिरते ती रेषा कापलेल्या तोंडातून, आणि ती तोंडं बहुतेक बटप्लेटखाली आणि आतल्या खाचांतच असतात. मात्र तिथे पेपर फिरवू नका आणि तेलाचा थर साचू देऊ नका. धातू जिथे लाकडावर टेकतो तिथलं माप बदललं की रायफलीचा नेम बदलतो.

तेलाच्या फडक्यांना आग लागते, हे खरं आहे?

अगदी खरं, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. जवस तेल वाळताना उष्णता सोडतं. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते. बोळा केलेल्या कापडात ती कोंडते, उष्णतेने वाळणं वेग घेतं, आणि काही तासांत फडकं ठिणगीशिवाय पेटतं. २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या गगनचुंबी इमारतीच्या २२व्या मजल्यावर आग लागली, ती जवस तेलाच्या अशाच फडक्यांमुळे. तीन अग्निशामक जवान त्यात गेले.

काम संपलं की प्रत्येक फडकं एकेरी पसरून बाहेर, इमारतीपासून लांब, वाळत घाला. कडक झालं की टाका. किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. तेल लागलेला पेपर आणि स्टील वूलही यातच. ‘उद्या टाकू’ म्हणून कोपऱ्यात काही ठेवू नका.

तेलाने दस्ता जलरोधक होतो का?

नाही. पावसाचे थेंब थोडा वेळ अडतात, पण हवेतली ओल आत-बाहेर जातच राहते. या बाबतीत पॉलियुरेथेन पुढे आहे. तेलाचं बलस्थान वेगळं: ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी दोन थेंब चोळले की भागतं, सगळं खरवडावं लागत नाही.

वरून मेण लावू का?

तेल पूर्ण मुरल्यावर, म्हणजे शेवटच्या हातानंतर निदान महिनाभराने. मधमाशीचं मेण मऊ तजेला देतं, कार्नोबा जास्त टिकतं. पुढे पुन्हा तेल द्यायचं असेल तेव्हा आधी टर्पेंटाइनने मेण पुसावं लागेल.

नंतर बंदूक ठेवताना काय काळजी घ्यायची?

भिजून आली तर आधी कोरडी पुसा, दस्ता सुटा करून सावलीत वाळवा, हीटरजवळ किंवा उन्हात नाही. धातूला तेल लावताना ते पुसट लावा. शक्य असेल तर कपाटात नळीचं तोंड खाली करून ठेवा, खाली फेल्टचा तुकडा घाला. जास्तीचं तेल तोंडाकडे उतरतं आणि लाकूड कोरडं राहतं.